गाण्यांच्या दोन माळा

देवासाठी हार करावयास बसलेला माळी आधी मोजून फुले घेतो. कोणते फूल कोणत्या फुलाशेजारी शोभेल, मध्यभागी काय येईल, हार किती लांब व्हावा, हे सारे त्याने मनाशी ठरविलेले असते. याउलट, एखादी मुलगी सकाळी आपल्या अंगणातील बकुळीची आणि शेजाऱ्यांच्या आवारातील पारिजातकाची फुले वेचून मैत्रिणीसाठी घाईघाईने माळ ओवते. तिच्या माळेत सफाई कमी असेल. परंतु माया कमी नसते. गाणी एकत्र ओवण्याच्याही अशाच दोन रीती आहेत. पहिलीला अल्बम म्हणतात आणि दुसरीला मिक्सटेप. आज या दोन्ही माळा भ्रमणध्वनीच्या एकाच पडद्यावर शेजारी शेजारी दिसतात, आणि म्हणूनच त्यांच्यातील भेद ओळखणे अवघड झाले आहे. हा भेद कोठून आला आणि आज तो कितपत उरला आहे, हे आपण पाहू.

अल्बम हा शब्द आपण छायाचित्रांच्या संग्रहासाठी वापरतो. गाण्यांच्या संग्रहाला हे नाव पडण्याचे कारण मोठे गमतीचे आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ग्रामोफोनची तबकडी मिनिटाला सुमारे 78 फेरे घेत असे आणि तिच्या एका बाजूवर जेमतेम तीन ते पाच मिनिटांचे संगीत मावत असे. मोठी रचना असली, की तिच्यासाठी अनेक तबकड्या लागत. पुठ्ठ्याची बांधणी असलेल्या एका जाड वहीत, प्रत्येक पानाच्या खिशात एक, अशा त्या ठेवीत. ही वही छायाचित्रांच्या अल्बमसारखी दिसे. म्हणून तिलाही लोक अल्बम म्हणू लागले. पुढे 1948 साली अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने मिनिटाला 33⅓ फेरे घेणारी दीर्घ तबकडी बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर वीस मिनिटांहून अधिक संगीत मावू लागले. वही गेली, पण नाव मात्र राहिले.

या दीर्घ तबकडीने कलावंताला एक नवी संधी दिली. सुटी सुटी गाणी विकण्याऐवजी आठ-दहा गाण्यांतून एखादी कथा सांगावी, एखादा भाव फुलवीत न्यावा, असे त्याला वाटू लागले. कोणते गाणे आरंभी असावे आणि कोणते शेवटी, याचा विचार होऊ लागला. क्रमाचे हे महत्त्व मराठी माणसाला नव्याने सांगावयास नको. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ आठवड्याला एक गीत याप्रमाणे प्रसारित झाले. ग. दि. माडगूळकरांनी त्यासाठी 56 गीते लिहिली आणि सुधीर फडके यांनी त्यांना चाली दिल्या. ही गीते रचली गेली ती नभोवाणीसाठी. तरीपण ती उलटसुलट क्रमाने लावली, तर रामाचा जन्म होण्यापूर्वीच त्याला वनवास घडेल! चांगल्या अल्बमातील गाण्यांचे नातेही असेच असते.

आता मिक्सटेपकडे वळू. टेप म्हणजे ध्वनिफीत. 1963 साली फिलिप्स या कंपनीने खिशात मावेल एवढी छोटी कॅसेट तयार केली. तबकडीवरील गाणे केवळ ऐकता येत असे. कॅसेटवर मात्र कोणालाही घरबसल्या ध्वनिमुद्रण करता येऊ लागले. लोकांनी निरनिराळ्या तबकड्यांतील आवडती गाणी एका फितीवर उतरवून घेतली आणि ती मित्रांना भेट दिली. आपल्याकडेही कॅसेटच्या काळात लोक दुकानात आपल्या आवडीच्या गाण्यांची यादी देत आणि कोरी कॅसेट ‘भरून’ घेत. अशी मिसळ केलेली फीत, ती मिक्सटेप होय. हिच्यातील गाणी दुसऱ्याची असत. निवड मात्र आपली असे.

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात मिक्सटेपला याहून निराळे वळण लागले. तेथील ब्राँक्स या भागात सिंडी कॅम्पबेल नावाची एक मुलगी राहत होती. शाळेसाठी नवे कपडे घेता यावेत, म्हणून तिने 11 ऑगस्ट 1973 रोजी आपल्या इमारतीत नाचगाण्याचा एक कार्यक्रम ठेवला आणि त्यासाठी थोडे प्रवेशमूल्य लावले. तबकड्या वाजविण्याचे काम तिच्या भावाकडे होते. तो पुढे कूल हर्क या नावाने प्रसिद्धीस आला. गाण्यातील केवळ वाद्यांचा ठेका वाजू लागला, की लोक रंगून नाचतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तो तोच ठेका पुनःपुन्हा वाजवी. या ठेक्यावर तालात, यमके जुळवीत बोलण्याची रीत पडली. तिलाच आपण रॅप म्हणतो.

अशा कार्यक्रमांच्या ध्वनिफिती हातोहाती फिरू लागल्या. पुढे नवोदित गायक दुसऱ्याच्या प्रसिद्ध ठेक्यावर आपले शब्द बसवून मिक्सटेप काढू लागले. कंपनीने संधी देण्याची वाट पाहण्याचे त्यांना कारण उरले नाही. फीत झपाट्याने तयार होई आणि स्वस्तात अथवा फुकट वाटली जाई. नाव झाले, की मग अल्बम निघे. मिक्सटेप हे असे गायकाचे उमेदवारीचे अंगण झाले.

परंतु येथेच एक अडचण होती. ज्याचा ठेका घेतला, त्याला विचारले कोणी? अल्बम काढताना कंपनीला दुसऱ्याच्या रचनेतील लहानसा तुकडा वापरण्यासाठीही परवानगी घ्यावी लागते आणि मोबदला द्यावा लागतो. मिक्सटेप करणारे बहुधा या फंदात पडत नसत. वस्तू फुकट वाटली, म्हणून परवानगीची गरज संपत नाही. तरीही प्रसिद्धीच्या लोभाने कंपन्या पुष्कळदा याकडे काणाडोळा करीत. कधीकधी मात्र कायद्याचा बडगा उगारला जाई. 2007 च्या जानेवारीत अटलांटा शहरात पोलिसांनी एका नामवंत मिक्सटेपकाराच्या कार्यालयावर छापा घालून हजारो तबकड्या जप्त केल्या.

यानंतर संगीत ऐकण्याची रीतच पालटली. आता गाणे विकत घेऊन घरी ठेवण्याची गरज राहिली नाही. नळ सोडताच पाणी यावे, तसे ते आंतरजालावरून हवे तेव्हा वाहत येते. यालाच स्ट्रीमिंग म्हणतात. जेथे कोणी संग्रह विकतच घेत नाही, तेथे तो किती खपला, हे मोजावे तरी कसे? अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ या नियतकालिकाने डिसेंबर 2014 पासून एखाद्या संग्रहातील गाणी 1500 वेळा ऐकली गेली, की एक अल्बम खपला, असा हिशेब धरण्यास आरंभ केला. या प्रमाणात पुढे बदल झाले. फीत नाही, तबकडी नाही, खपाचे मापही एकच. मग अल्बम कोणता आणि मिक्सटेप कोणती?

हा प्रश्न शिकागोच्या एका तरुणामुळे सर्वांपुढे आला. चान्स द रॅपर हे त्याचे गाण्यातले नाव. शाळेत असताना त्याला दहा दिवसांसाठी निलंबित करण्यात आले होते. त्या काळात त्याने गाणी रचण्यास आरंभ केला आणि 2012 साली ‘टेन डे’, म्हणजे ‘दहा दिवस’, या नावाची मिक्सटेप आंतरजालावर फुकट दिली. त्याची तिसरी मिक्सटेप ‘कलरिंग बुक’ 2016 साली केवळ स्ट्रीमिंगवर निघाली. संगीतातील मानाच्या ग्रॅमी पुरस्कारांसाठी पूर्वी कृती विक्रीसाठी उपलब्ध असणे आवश्यक होते. तो नियम त्याच वर्षी बदलण्यात आला आणि 2017 च्या फेब्रुवारीत या मिक्सटेपला सर्वोत्कृष्ट रॅप अल्बमचा पुरस्कार मिळाला. म्हणजे कर्त्याने जिला मिक्सटेप म्हटले, तिलाच परीक्षकांनी अल्बम मानले!

तर मग हा भेद पुरताच पुसला गेला काय? नाही. त्याच गायकाची दुसरी मिक्सटेप 2013 साली फुकट निघाली होती. 2019 मध्ये ती स्ट्रीमिंगच्या मोठ्या सेवांवर आली, तेव्हा श्रोत्यांना तिच्यातील ‘ज्यूस’ हे गाणे सापडेना. त्यात एका जुन्या ध्वनिमुद्रणाचा भाग वापरलेला होता आणि त्याची परवानगी मिळालेली नव्हती. गाण्याच्या जागी गायकाचे चार शब्द तेवढे ऐकू येत. परवानगीअभावी गाणे देता येत नाही, असे सांगून, हा निरोप ऐकल्याने जमणारा पैसा शिकागोतील मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेस देण्याचे त्याने जाहीर केले. फुकट वाटलेली माळ बाजारात येताच ते एक फूल काढून ठेवावे लागले.

अल्बमलाही नव्या युगात झगडावे लागले. स्पॉटिफाय या सेवेवर अल्बमातील गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे बटण ठळकपणे दिसत असे. 2021 च्या नोव्हेंबरात आपला नवा अल्बम प्रसिद्ध करताना अडेल या इंग्लिश गायिकेने याला आक्षेप घेतला. गाण्यांचा क्रम कलावंत विचारपूर्वक ठरवितो, तेव्हा तो तसाच ऐकला जावा, असे तिचे म्हणणे होते. ते मान्य झाले आणि अल्बम आपोआप ठरलेल्या क्रमाने वाजू लागला.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. वस्तूचे रूप बदलले, तरी तिच्यामागचा हेतू बदलत नाही. अल्बम म्हणजे विचाराने जुळविलेली, प्रत्येक वाटेकऱ्याचे देणे चुकते केलेली कृती. मिक्सटेप म्हणजे उत्साहाने केलेली, चटकन हाती ठेवलेली भेट. एकीत शिस्त आहे, तर दुसरीत मोकळेपणा. आणि संगीताला दोहोंचीही गरज आहे. उद्या तुम्हीही आपल्या आवडीची गाणी निवडून कोणास पाठवाल. ती अवश्य पाठवा. परंतु ती कोणी लिहिली, कोणी गायिली आणि ठेका मुळात कोणाचा, हेही सोबत कळवा. आणि दुसऱ्याच्या सुरांवर आपली कृती रचावयाची झाली, तर आधी त्याला विचारा. शेजाऱ्यांच्या पारिजातकाची फुले वेचण्यापूर्वी त्यांच्या दारावर थाप मारावी, म्हणजे माळेचा सुगंध तर कमी होत नाहीच, उलट ती मोकळ्या मनाने कोणालाही देता येते.