कान्हाचा अंतेवासी

पनवेलहून सकाळी निघून कर्जतमार्गे कोंदिवड्याला पोचले की पुढे गाडीचे काम नाही. राजमाचीच्या पायथ्याच्या झाडीतली चढण पायीच चढावी लागते. ती संपते तिथे कोंडाण्याची लेणी आहेत: एक चैत्यगृह आणि त्याच्या शेजारी विहार. काळ साधारण इसवी सनापूर्वीचे पहिले शतक. खाली उल्हास नदीचे खोरे, वर बोरघाट. कोकणातल्या बंदरांतून घाटावर जाणारे व्यापारी याच मुलखातून ये-जा करीत.

येणारे बहुतेक जण चैत्याची भव्य कमान पाहून परततात. चैत्याच्या दर्शनी भागात डाव्या बाजूला मात्र एका मूर्तीचा अवशेष आहे. चेहरा झिजून गेला आहे. शिरोवेष्टनाचे नाजूक काम अजून दिसते. त्याच्यालगत ब्राह्मी लिपीत, प्राकृतात एकच ओळ आहे: ‘कण्हस अंतेवासिना बलकेन कतं’. म्हणजे, कान्हाचा अंतेवासी बलक याने केले.

या ओळीचे मोल कळण्यासाठी कार्ल्याकडे पाहावे. तिथल्या लेखांत वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल भेटतो, धेनुकाकटचे यवन भेटतात. ते दाते होते. आपल्याकडच्या लेणीलेखांत बहुतेक नावे अशी देणाऱ्यांची असतात, घडवणाऱ्यांची क्वचितच. कोंडाण्याच्या ओळीत दान नाही, राजा नाही. ‘कतं’ आहे. मूर्ती केली की सारे लेणे, हे बलकाने लिहिलेले नाही.

लेणे बांधत नाहीत, कोरतात. तेही वरून खाली. चुकून उडालेला दगड परत बसवता येत नाही. शिवाय कोंडाण्यात दगडाला लाकडाचे रूप दिले आहे: विहाराच्या छताला तुळया, दर्शनी भागावर छोट्या कमानी आणि जाळीकाम. या तुळया कसलाही भार पेलत नाहीत. लाकडी इमारतींची सवय कारागिरांनी कातळात उतरवली. असे कसब सांगून येत नाही. ‘अंतेवासी’ म्हणजे गुरूजवळ राहणारा. बलक जवळ राहून शिकला, म्हणून स्वतःच्या नावाआधी त्याने गुरूचे नाव कोरले.

पितळखोऱ्याच्या यक्षमूर्तीवर कण्हदास नावाच्या सुवर्णकाराने आपले नाव कोरले आहे. हाच बलकाचा गुरू, असे काही अभ्यासकांना वाटते. आधार मुख्यतः नावाच्या साम्याचा आहे, आणि कान्हा हे नाव काही दुर्मीळ नव्हे. म्हणून हा धागा मी ताणत नाही. गुरू-शिष्याचे नाते सिद्ध करायला कोंडाण्याची ओळ पुरेशी आहे.

पावसाळ्यात लेण्यांच्या तोंडावरून धबधबा कोसळतो. दिवाळीनंतर जावे, तिरप्या उन्हात ती ओळ शोधावी आणि अक्षरांना हात न लावता वाचावी. चेहरा गेलाच आहे. नावे अजून शाबूत आहेत.