जखमी जवानांची आशा: पुढची वाट शोधण्याचे शास्त्र

मणक्याला गोळी लागून कमरेखाली लुळा पडलेला किंवा सुरुंगस्फोटात पाय गमावलेला जवान काही वर्षांनी शर्यतीत उतरतो, तेव्हा त्याचे सारे श्रेय ‘जिद्दी’ला देऊन आपण मोकळे होतो. मानसशास्त्र याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहते. अमेरिकेतील कॅन्सस विद्यापीठाचे सी. आर. स्नायडर यांनी १९९०च्या दशकात आशेची जी मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी येतात: गाठावयाचे उद्दिष्ट, तेथवर नेणाऱ्या वाटा शोधण्याची क्षमता आणि त्या वाटेने आपण जाऊ शकू हा विश्वास. एक वाट बंद झाली की दुसरी सुचणे, हा या मांडणीचा गाभा. ‘सारे काही ठीक होईल’ असे नुसते वाटत राहणे तीत बसत नाही.

हा फरक किती महागात पडतो, हे व्हिएतनाममध्ये सात वर्षांहून अधिक काळ युद्धकैदी राहिलेले अमेरिकी नौदल अधिकारी जेम्स स्टॉकडेल यांनी पाहिले होते. नाताळपर्यंत सुटू, नाही तर ईस्टरपर्यंत सुटू, असे म्हणत राहिलेले कैदीच अखेर खचले, असे त्यांचे निरीक्षण होते.

आशेला पाया लागतो, आणि तो बहुधा रुग्णालयात घातला जातो. दुसऱ्या महायुद्धापर्यंत मज्जारज्जूला इजा झालेला सैनिक फार काळ जगणार नाही, असेच वैद्यकविश्व गृहीत धरून चालत असे. शय्याव्रण आणि मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग हे त्याचे खरे शत्रू. नाझी जर्मनीतून इंग्लंडला आलेले डॉ. लुडविग गटमन यांनी १९४४मध्ये स्टोक मँडेव्हिल येथे मणक्याच्या रुग्णांसाठी विभाग सुरू केला आणि दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलण्याचा दंडक घातला. रात्रीही त्यात खंड नसे. रुग्ण जगू लागले. मग प्रश्न आला, जगून करायचे काय? गटमन यांनी त्यांना कामाला आणि खेळाला लावले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाच्या दिवशीच, रुग्णालयाच्या आवारात १६ जखमी स्त्री-पुरुष सैनिकांनी धनुर्विद्येच्या स्पर्धेत भाग घेतला. पॅरालिम्पिकचे मूळ येथे आहे.

याच परंपरेतील १९७२च्या हायडेलबर्ग स्पर्धेत सांगली जिल्ह्यातील पेठ गावचे मुरलीकांत पेटकर यांनी ५० मीटर मुक्तशैली जलतरणात ३७.३३ सेकंदांच्या विश्वविक्रमासह सुवर्णपदक पटकावले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिम्पिक सुवर्ण. (ऑलिम्पिकमधील असे पदक त्यानंतर ३६ वर्षांनी, २००८मध्ये आले.) पेटकर मूळचे लष्करातील मुष्टियोद्धे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या, त्यातली एक मणक्यात रुतली आणि मुष्टियुद्धाची वाट कायमची बंद झाली. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आले होते. पाण्यात पायांवर भार येत नाही; खांदे आणि हात मात्र मुष्टियोद्ध्याचे होते. स्नायडर ज्याला दुसरी वाट म्हणतात, ती येथे अक्षरशः दिसते. दखल घेण्याची घाई मात्र आपल्याला नव्हती. त्यांना ‘पद्मश्री’ मिळाली ती २०१८मध्ये.

मेजर डी. पी. सिंग यांची वाट अधिक संथ आहे. कारगिल युद्धात १९९९मध्ये तोफगोळ्याच्या स्फोटात ते जबर जखमी झाले, पाय कापावा लागला. २००९मध्ये ते अर्धमॅरेथॉन धावले आणि मार्च २०१९मध्ये नाशिक येथे त्यांनी विमानातून एकट्याने उडी घेतली. जखम आणि पहिली शर्यत यांत १० वर्षे आहेत, हे गौरवपर भाषणांत सहसा सांगितले जात नाही. कृत्रिम पायाशी जुळवून घेताना जखमा होतात, तोल पुन्हा शिकावा लागतो. या काळात लहान उद्दिष्टेच उपयोगी पडतात: आज खाटेवरून खुर्चीत, उद्या खुर्चीतून दारापर्यंत.

पुण्याजवळ खडकीत १९७४पासून पक्षाघातग्रस्त जवानांचे पुनर्वसन केंद्र आहे. चाकाच्या खुर्चीवरून खेळणे तेथे दिनक्रमाचा भाग आहे. केंद्राच्या फाटकाबाहेर मात्र तीच खुर्ची पदपथाच्या उंचवट्यापाशी अडते. सार्वजनिक जागा अपंगांना वापरता याव्यात, असे बंधन २०१६च्या कायद्याने घातलेले आहे.