ऊस परवडतो, पण कुणाला?

सोलापूर जिल्ह्यात बदलत्या हवामानाची चर्चा निघाली की एक वाक्य हमखास कानावर येतं : "पैशाच्या हिशेबाने बघा, ऊसच परवडतो. बाकी सगळं पर्यावरणवाल्यांचं बोलणं." शिकलेली माणसंही हे छातीठोकपणे सांगतात. पण पैशाच्याच हिशेबाने हे वाक्य चूक आहे.

ऊस शेतकऱ्याला परवडतो, हे खरं. एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, कायद्याने ठरलेला असतो, तोडणीला कारखान्याची टोळी येते, कांद्यासारखा भाव एका रात्रीत कोसळत नाही. ऊस लावणारा शहाणाच असतो. मात्र त्याच्या वहीत पाण्याची खरी किंमत लिहिलेलीच नसते. पाणीपट्टी पाण्याच्या मोलापुढे नगण्य आहे. जिल्ह्याचा सरासरी पाऊस 550 मिलिमीटरच्या आसपास, तर उसाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाणी लागतं. मधली तूट उजनी धरण आणि बोअर भरून काढतात. राज्यात पिकांखालच्या क्षेत्रापैकी 4 टक्क्यांहून कमी क्षेत्र उसाखाली, पण सिंचनाचं जवळपास 70 टक्के पाणी त्याला जातं, ही नोंद केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाची आहे, कुठल्या आंदोलकाची नाही.

आपल्याकडे टंचाई जमिनीची नाही, पाण्याची आहे. जे टंचाईचं, त्याच्या मापाने उत्पन्न मोजायचं असतं. एकरी किती मिळाले, हे विचारलं की ऊस वर दिसतो. हजार लिटर पाण्यामागे किती मिळाले, हे विचारून बघा. ठिबकवरचं डाळिंब, तूर यांचं चित्र वेगळं दिसतं. मंगळवेढ्याची ज्वारी तर काळ्या रानातल्या ओलीवरच येते, धरणातला थेंबही मागत नाही. शिवाय 2024च्या उन्हाळ्यात उजनी उणे 60 टक्क्यांपर्यंत खाली गेली, म्हणजे मृतसाठाही उपसावा लागला. तेव्हाचे टँकर, वाळलेल्या बागा, काही दिवसांआड नळाला येणारं पाणी हा खर्च कुणाच्या वहीत आहे? एकाचा नफा म्हणजे जिल्ह्याचा फायदा, हे समीकरण अर्थशास्त्रात कुठेही नाही.

"ठिबक लावलं की पाणी वाचलं" हेही अर्धसत्य. वाचलेल्या पाण्यावर आणखी दोन एकर ऊस लावला, तर धरणात काहीच उरत नाही.

"पैसा खर्च झाला म्हणजे काम झालं," असं मानणाऱ्यांनी राज्याच्या जलयुक्त शिवार या जलसंधारण योजनेवरचा 'कॅग'चा 2020चा अहवाल वाचावा. साडेनऊ हजार कोटींहून अधिक खर्चानंतरही भूजल वाढवण्यात योजनेचा परिणाम नगण्य, असा निष्कर्ष त्यात आहे. मग पाणलोटाची कामंच वाया जातात का? अजिबात नाही. शेजारच्या अहिल्यानगर (पूर्वीच्या नगर) जिल्ह्यातल्या कुंभारवाडीत वॉटर (WOTR) या संस्थेने केलेल्या कामाचा हिशेब वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने 2013 मध्ये मांडला. कमीत कमी अंदाज धरला, तरी खर्चाच्या प्रत्येक रुपयामागे सव्वादोन रुपयांहून अधिक फायदा निघाला. दोन्हीकडे कामाचा प्रकार बराचसा तोच; म्हणून कुठे, कसं आणि देखभाल कुणाची, हे आधी मोजावं लागतं.

"पावसाचाच भरवसा नाही, तर हिशेब कशाला?" भरवसा नाही म्हणूनच. कोरडं वर्ष, सरासरी वर्ष, अतिवृष्टीचं वर्ष, तिन्ही धरून हिशेब मांडायचा आणि तिन्हींत टिकेल तो पर्याय निवडायचा. एका वर्षी तळ गाठणारी उजनी आणि सप्टेंबर 2025 मध्ये माढा-मोहोळला बुडवणारी सीना नदी, दोन्ही आपल्याच जिल्ह्यात आहेत. असा हिशेब मांडला की स्वस्त उपायही दिसतात : वादळाची किंवा उष्णतेच्या लाटेची सूचना 24 तास आधी मिळाली तर नुकसान 30 टक्क्यांनी घटू शकतं, असं ग्लोबल कमिशन ऑन अॅडाप्टेशनने 2019 मध्ये म्हटलं होतं. धरणाच्या मानाने सूचना यंत्रणेचा खर्च किरकोळ असतो.

कालवा सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीत आपल्या आमदारांना एकच प्रश्न विचारायला सांगा : या आवर्तनातल्या पाण्यातून हजार लिटरमागे जिल्ह्याला किती रुपये मिळाले? उत्तराचा आकडा लेखी मागा.