अगत्ती ते पोर्ट ब्लेअर: विमानाने किती वेळ?

लक्षद्वीपमधलं अगत्ती आणि अंदमानातलं पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. अंतर मोजणाऱ्या ॲपमध्ये ही दोन नावं टाकली की सुमारे 2,240 किलोमीटर आणि सव्वातीन तासांच्या आसपास असं उत्तर येतं. अंतर बरोबर आहे. वेळेवर मात्र विसंबू नका.

गैरसमज: अंतर कळलं की वेळ कळला.
असे हिशेब बहुधा ताशी 800 किलोमीटरचा वेग धरतात आणि उड्डाण-उतरणीसाठी अर्धा तास मिळवतात. हा वेग एअरबससारख्या जेटचा. अगत्तीची धावपट्टी जेमतेम सव्वा किलोमीटरची, दोन्ही अंगांना समुद्र. एवढं जेट तिथे उतरू शकत नाही. उतरतं ते पंख्यांचं एटीआर. त्याचा वेग ताशी 500 च्या आसपास, आणि सगळ्या जागा भरल्या तर पल्ला साधारण दीड हजार किलोमीटर. म्हणजे अगत्तीला उतरणारं विमान भरल्या प्रवाशांनिशी पोर्ट ब्लेअरपर्यंत एका दमात पोचत नाही, आणि जे पोचू शकतं ते अगत्तीला उतरत नाही. ॲपला हे ठाऊक नसतं. नसलेल्या विमानाचा वेळ ते बिनदिक्कत सांगतं.

गैरसमज: थेट विमान नाही, म्हणजे मोठा वळसा.
अगत्ती-कोची सुमारे 460 किलोमीटर, कोची-चेन्नई 520, चेन्नई-पोर्ट ब्लेअर 1,370. बेरीज 2,350. वळसा शंभर-सव्वाशे किलोमीटरचाच! हवेतला वेळही सगळा मिळून पाचेक तास. दिवस मोडतो तो विमानतळावर. अगत्तीची उड्डाणं मोजकी. तुम्ही कोचीत उतरून चेन्नई गाठेपर्यंत अंदमानचं विमान निघून गेलेलं असू शकतं, मग मुक्काम आलाच. तिकिटं वेगवेगळी काढली असतील आणि पहिल्या विमानाला उशीर झाला, तर पुढच्या तिकिटाचं नुकसान बहुधा आपल्याच माथी येतं. बरोबर म्हातारी माणसं असतील तर मधे एक रात्र ठेवाच, हे मी आग्रहाने सांगेन. लक्षद्वीपचा परवानाही आधीच काढावा लागतो.

गैरसमज: पूर्वेकडे जाताना वारा नेहमी पाठीशी असतो.
उत्तर भारतावर, विशेषतः हिवाळ्यात, हे बऱ्याच अंशी खरं. पावसाळ्यात मात्र दक्षिण भारतावर जेटच्या उंचीला वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे जोरात वाहतात. तेव्हा चेन्नईहून अंदमानला जाणारं विमान वाऱ्याच्या तोंडावर उडतं आणि परतीचा प्रवास लवकर उरकतो.

गैरसमज: एवढ्या अंतरावर घड्याळ बदलावं लागेल.
दोन्हीकडे भारतीय प्रमाणवेळच चालते. पण रेखांशात वीस अंशांहून जास्त फरक असल्याने अंदमानात सूर्य सुमारे 80 मिनिटं आधी उगवतो. डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्यास्त होतो, तेव्हा सेल्युलर जेल किंवा किनारे पाहायचे असतील तर दुपारी उतरणाऱ्या विमानाचा तो दिवस हिशेबात धरू नका.