एन्क्रिप्शन कडक केले, जोडणी तुटली

टीएलएस : ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातल्या सुरक्षित संवादाचा नियम. आवृत्त्या : १.० (१९९९), १.१ (२००६), १.२ (२००८), १.३ (२०१८). पहिल्या दोन मार्च २०२१मध्ये अधिकृतपणे बाद.

बिघाडाचे मूळ : दोन्ही बाजूंना एक तरी समान आवृत्ती आणि समान सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) लागतो. नसल्यास हँडशेक (जोडणीआधीची बोलणी) तिथेच थांबतो.

जुनी साधने : मनमाडच्या सायबर कॅफेत विंडोज एक्सपी असेल, तर त्यातल्या इंटरनेट एक्सप्लोररला १.२ चालत नाही. अँड्रॉइडवर १.२ आपोआप सुरू असते ते ५.०पासून, ४.४मध्ये सोय आहे, पण बंद.

वेगळा दोष : प्रमाणपत्राची मुदत संपणे, संगणकाची तारीख चुकणे, मधले प्रमाणपत्र सर्व्हरवर नसणे. सायफर बदलून हे सुटत नाही.

तपासणी : आधी सर्व्हरची एरर लॉग पाहा. मग ओपनएसएसएल या साधनाने टीएलएसची प्रत्येक आवृत्ती स्वतंत्र तपासा.