जमिनीत पुरलेली जुनी इंधन टाकी : काढताना घ्यावयाची खबरदारी

भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या भागांत बंद पडलेले कारखाने विकत घेऊन तेथे गोदाम किंवा नवे माग बसविण्याकडे आपल्या व्यापारी बंधूंचा कल आहे. सौदा करताना आपण रस्ता, वीज, पाणी आणि सात-बारा पाहतो. जमिनीखाली काय पुरले आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. जुन्या प्रोसेस हाऊसमध्ये बॉयलरच्या फर्नेस ऑइलची किंवा जनरेटरच्या डिझेलची टाकी जमिनीत असू शकते. बंद पेट्रोल पंपाच्या जागेत तर ती असतेच.

आम्हीही एकदा ही चूक केली. गोदामाच्या पायासाठी खड्डा खणला तेव्हा काळी, तेलकट माती निघाली आणि रॉकेलसारखा वास सुटला. आधीच्या मालकाने टाकीवर माती लोटून फरशी घातली होती. माती काढण्याचा व तपासण्याचा सगळा खर्च आमच्या माथी आला. त्यातून जे शिकलो ते येथे देत आहोत.

साधी लोखंडी टाकी जमिनीतील ओल व क्षारांमुळे बाहेरून गंजते. गळती पुष्कळदा टाकीपेक्षा नळांच्या सांध्यांतून होते व वर्षानुवर्षे कळत नाही. तेल मातीतून झिरपत विहिरीच्या किंवा बोअरच्या पाण्यापर्यंत पोहोचते. पेट्रोलमधील बेंझिन हे कॅन्सर करणारे द्रव्य आहे. पिण्याच्या पाण्यात त्याचे प्रमाण लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे नुकसान केवळ आपल्या जागेचे नाही, मोहल्ल्याच्या पाण्याचे आहे.

टाकी काढताना सर्वांत मोठा धोका माणसाच्या जिवाला असतो. टाकी रिकामी दिसली तरी आत वाफ असते. पेट्रोलची वाफ हवेत सुमारे १.४ टक्के झाली की एक ठिणगी पुरे. डिझेल किंवा फर्नेस ऑइलचा गाळ गॅस कटरच्या उष्णतेने वाफ होऊन स्फोट करतो. म्हणून भंगारवाल्याला बोलावून जागेवरच कटर लावू देऊ नये.

कामाचा क्रम असा ठेवावा. परवान्याची टाकी असल्यास प्रथम विस्फोटक खात्याला, म्हणजे नागपूर मुख्यालय असलेल्या 'पेसो'ला कळवावे. पेट्रोलियम नियम, २००२ त्याला लागू आहेत. नंतर उरलेले तेल उपसावे, नळ मोकळे करून बंद करावेत, आतील वाफ घालवावी आणि मीटरने मोजून जाणकाराचा दाखला घ्यावा. वाफ मारण्यासाठी काही ठिकाणी कोरडा बर्फ, म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड टाकतात. हजार लिटर क्षमतेला साधारण दोन किलो. त्याने आगीचा धोका कमी होतो, पण आत श्वास घेता येत नाही. दाखल्याशिवाय एकाही मजुराला आत उतरवू नये. एक बेशुद्ध पडला की दुसरा त्याला काढायला उतरतो आणि दोघेही जातात. तळाचा गाळ २०१६ च्या नियमांप्रमाणे घातक कचरा आहे. तो गटारात न टाकता मान्यताप्राप्त केंद्राकडे पाठवावा.

टाकी वर आल्यावर तिची भोके पाहावीत आणि खड्डा बुजविण्याची घाई करू नये. टाकीच्या दोन्ही टोकांखाली, तळापासून एक-दोन फूट खालची माती घ्यावी. नळांच्या सांध्यांखालची व तेल भरण्याच्या तोंडाजवळची मातीही घ्यावी. खड्ड्यात पाणी आले तर त्याचाही नमुना घ्यावा. काचेची बाटली काठोकाठ भरून, घट्ट झाकून, बर्फात ठेवून लगेच मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पोहोचवावी, नाहीतर हलके तेल उडून जाते व अहवाल खोटा निघतो. केवळ वासावर विसंबू नये. जुन्या गळतीचा वास कमी होतो. एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन तपासावे. पेट्रोल असल्यास बेंझिन, टोल्युइन वगैरे, आणि टाकी २००० सालापूर्वीची असल्यास शिसेही. खराब माती प्लॅस्टिकवर झाकून ठेवावी. भराव म्हणून ती दुसऱ्याला विकणे म्हणजे आपला रोग शेजाऱ्याच्या घरी पाठविणे होय.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित जागांबाबत नवे नियम काढले आहेत. त्यांत शुद्धीकरणाचा खर्च प्रदूषणास जबाबदार असणाऱ्यावर टाकला आहे. म्हणून खरेदीखतात टाकीचा उल्लेख, ती कोण काढणार आणि माती खराब निघाल्यास खर्च कोणाचा, हे स्पष्ट लिहून घ्यावे. मातीचा अहवाल व फोटो कागदपत्रांसोबत जपावेत.

विकणाऱ्या बंधूंनाही एक विनंती. पैगंबर मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तर आत ओल लागली. भिजलेले धान्य वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी त्या व्यापाऱ्यास विचारले. जमिनीच्या सौद्यातही हाच नियम आहे. खालची टाकी फरशीने झाकून विकलेल्या जागेच्या पैशात बरकत कशी असेल? दोष सांगून विकल्यास भाव थोडा कमी येईल, पण कमाई हलाल राहील.