छप्पर कापलं की गाडी का पिळवटते?

घरात बुटांचा रिकामा खोका असेल तर घेऊन बसा. झाकण काढा, दोन्ही टोकं धरा आणि ओला टॉवेल पिळतो तसा पीळ द्या. खोका सहज वाकडा होतो. आता झाकण नुसतं वर ठेवून पुन्हा पिळा. फारसा फरक नाही, झाकण आपलं सरकत राहतं. शेवटी झाकणाच्या चारही कडा चिकटपट्टीने नीट बंद करा आणि तिसऱ्यांदा पिळा. आता खोका हलत नाही. पुठ्ठा तोच, वजनही जवळपास तेच.

उघड्या स्पोर्ट्स कारचा सगळा प्रश्न या तीन प्रयोगांत आहे. बंद छपराची गाडी म्हणजे चिकटपट्टी लावलेला खोका. छप्पर नसलेली टू-सीटर म्हणजे पहिला खोका, आणि वर दोन्ही बाजूंना दारांसाठी मोठी भोकं पाडलेली. एक चाक खड्ड्यात गेलं की अख्खी बॉडी पिळली जाते. समोरची काच थरथरते, दार चौकटीत घासतं. आमच्या आचोळ्यात पावसाळ्यात अशी गाडी चालवली तर हे समजायला प्रयोगशाळेची गरज पडणार नाही!

थरथर हा त्यातला लहान त्रास. सस्पेन्शनच्या स्प्रिंगा ज्याला टेकलेल्या असतात ती बॉडीच स्प्रिंगसारखी पिळत असेल, तर पुढच्या चाकांसाठी केलेला बदल मागच्या चाकांपर्यंत पोचत नाही. वळणावर गाडी कशी वागेल हे स्प्रिंगा बदलून ठरवता येत नाही. म्हणून जुनी स्पोर्ट्स कार नव्याने उभी करणारा माणूस इंजिनाच्या आधी बॉडीच्या ताठपणाकडे बघतो. (ताठपणा आणि मजबुती या वेगळ्या गोष्टी. तुटायला किती बळ लागतं ती मजबुती. ठरावीक बळाने किती वाकतं यावरून कळतो तो ताठपणा. व्हायव्हामध्ये इथे हमखास पकडतात.)

पहिला विचार सगळ्यांच्या मनात येतो तो जाड पत्रा लावायचा. मीही एमएस्सी फिजिक्स करून इकडे आले तेव्हा तेच बोलले होते. आता हिशोब बघा. 50 मिलिमीटर बाजूची चौकोनी नळी, पत्रा 1 मिलिमीटर. बंद नळीसाठी 1896 मध्ये रुडोल्फ ब्रेट यांनी दिलेलं सूत्र वापरायचं: छेदाने वेढलेल्या क्षेत्रफळाचा वर्ग, गुणिले जाडी, गुणिले चार, भागिले परिघ. उत्तर येतं 1,25,000. ही पिळाविरुद्धची भौमितिक क्षमता, एकक मिलिमीटरचा चौथा घात. त्याच नळीला लांबीभर एक उभी चीर द्या. आता सूत्र बदलतं: परिघ गुणिले जाडीचा घन, भागिले तीन. उत्तर येतं साधारण 67. म्हणजे 1,875 पट कमी, आणि धातू तर काढलेलाच नाही.

चिरलेल्या नळीचा पत्रा दुप्पट जाड केला तर? जाडीचा घन आहे, म्हणून आठ पट वाढ: 533. वजन दुप्पट होऊनही आपण बंद नळीच्या 234 पट मागेच. उलट, बंद नळीची बाजू 50 ची 100 केली तर तेवढ्याच वाढीव वजनात ताठपणा आठ पट होतो. कारण बंद नळीत पिळाचं बळ पत्र्यातून गोल फिरून परत येऊ शकतं. चिरेपाशी ती वाट तुटते, मग प्रत्येक पत्र्याला स्वतःच्या जाडीच्या भरवशावर पीळ सोसावा लागतो.

खऱ्या गाडीत फरक 1,875 पटींचा नसतो, हेही सांगितलं पाहिजे. तिथे नळीची टोकं आडव्या भागांना जोडलेली असतात, त्यामुळे चिरेच्या दोन कडांना एकमेकींवरून मोकळेपणी सरकता येत नाही. पण दिशा तीच.

आपल्याजवळचं उदाहरण गोव्याचं. 1990 च्या दशकाच्या शेवटी तिथे ‘सॅन स्टॉर्म’ नावाची उघडी टू-सीटर बनू लागली. इंजिन रेनॉचं 1149 सीसी, बॉडी फायबरग्लासची. गाड्यांच्या साध्या फायबरग्लासचा ताठपणा स्टीलच्या विसाव्या भागाच्या आसपास असतो, म्हणून अशा गाडीत पिळाचा मुख्य भार खालच्या सांगाड्यावर टाकणं सोयीचं पडतं. 1962 च्या लोटस इलानमध्ये हेच केलं होतं: वर फायबरग्लास, मधोमध स्टीलच्या पत्र्याचा पेटीसारखा कणा. त्याच वर्षी आलेल्या एमजीबीला मात्र वेगळी चॅसिस नाही. तिथे दारांखालच्या दोन पोकळ पेट्या (गॅरेजवाले त्यांना सिल म्हणतात), मधला बोगदा आणि त्यांना जोडणारे आडवे भाग मिळून गाडी सांभाळतात.

आणि गंज नेमका या पेट्यांच्या तळाला लागतो. पाणी आत जातं, बाहेर येत नाही; आमच्याकडे खाडीची खारी हवा वर मदतीला असतेच. तळाची शिवण उघडली की बंद नळीची चिरलेली नळी झाली. वरून लांबी भरून रंग मारला की दिसायला झकास. पण ते चिकटपट्टी नसलेलं झाकण आहे.

नवी सिल बसवताना एक चूक फार महाग पडते. दाराच्या चौकटीत आधी तिरके अँगल टाका (मांडव डुलू नये म्हणून तिरका बांबू बांधतात, तसे), कर्णांची मापं लिहून ठेवा, मगच जुना पत्रा कापा. नाहीतर गाडी मधे बसते आणि वेल्डिंग तो बाक कायमचा करून टाकतं.

आता माझी फजिती. माझ्या कामासाठी वसई पूर्वेच्या एका शेडमध्ये उघड्या टू-सीटरच्या तळाची छोटी प्रतिकृती सीआर पत्र्यात करून घेतली. मागचं टोक स्टँडला बोल्ट केलं, पुढच्या टोकाला पीळ दिला, दोन डायल गेज लावले. सहा आठवडे मापं घेतली. बंद सिल आणि चिरलेली सिल यांत फरक इतका किरकोळ येत होता की मला ब्रेटवरच शंका यायला लागली. एका संध्याकाळी, केवळ वैतागून, तिसरा गेज मागच्या ‘पक्क्या’ टोकाला लावला. तर काटा फिरला. मी प्रतिकृतीपेक्षा माझा स्टँडच जास्त मोजत होते.

किती फरक पडतो बघा. समजा दोन गेज एकमेकांपासून 1 मीटरवर आहेत, 500 न्यूटन-मीटरचा टॉर्क दिला आणि एक बाजू 1 मिलिमीटर वर, दुसरी तेवढीच खाली गेली. कोन 0.115 अंश, ताठपणा अंशाला सुमारे 4,350 न्यूटन-मीटर. पण मागचं टोकही त्याच दिशेने अर्धा-अर्धा मिलिमीटर फिरलं असेल तर बॉडीचा खरा पीळ निम्माच, आणि ताठपणा 8,700. वस्तू जितकी ताठ, तितका स्टँडचा वाटा मोठा. म्हणून माझी बंद सिल तिच्या वकुबापेक्षा फार मऊ दिसत होती.

जुनी मापं वाचवता येतील का, यावर मी तीन दिवस घालवले. स्टँडचा पीळ वजा करून टाकू, असं वाटलं. पण मधे दोनदा बोल्ट कसले होते आणि त्याची नोंद वहीत नव्हती. सहा आठवडे गेले.

आता चार गेज आहेत, दोन पुढे, दोन मागे. दर वेळी भार देऊन, काढून, काटा शून्यावर परत येतो का तेही लिहिते. बंद सिलची मापं घेऊन झाली. या आठवड्यापासून तळाची शिवण एका वेळी 5 सेंटिमीटर कापत जायची आहे. गंज नेमका किती लांब पसरल्यावर पेटी पेटी राहत नाही, ते त्यातून बघायचं आहे.